एका न्यूक्लिओटाइडची करामत

न्यूक्लिओटिडिल ट्रान्सफरेज हे नाव लांबलचक असले तरी या एन्झाइमांचे काम एकच आहे. एटीपीसारख्या तीन फॉस्फेटच्या रेणूतून न्यूक्लिओटाइड, म्हणजे डीएनएच्या साखळीतल्या मण्यासारखा भाग, उचलायचे आणि दुसऱ्या रेणूला जोडायचे. एक फॉस्फेट न्यूक्लिओटाइडबरोबर जाते, उरलेली दोन पायरोफॉस्फेट म्हणून बाहेर पडतात. पेशी त्यांचे लगेच तुकडे करते, त्यामुळे ही क्रिया सहसा उलटी फिरत नाही. डीएनएची प्रत काढणारी पॉलिमरेज एन्झाइमे याच कुळातली, आणि त्यांची ओळख शाळेच्या पुस्तकांतूनही होते. मात्र त्यांची काही भावंडे साखळी विणत बसत नाहीत. एखाददुसरे न्यूक्लिओटाइड कुठेतरी डकवतात आणि थांबतात. रोगांच्या गोष्टीत ही भावंडेच जास्त महत्त्वाची.

1943 साली अमेरिकेतील रटगर्स येथे सेल्मन वाक्समन यांच्या प्रयोगशाळेत अल्बर्ट शाट्झ यांनी मातीतल्या जिवाणूपासून स्ट्रेप्टोमायसिन वेगळे केले. क्षयरोगावर खरोखर गुण देणारे ते पहिले प्रतिजैविक. (1952चे नोबेल एकट्या वाक्समन यांना मिळाले आणि श्रेयाचा वाद पुढे कित्येक वर्षे धुमसत राहिला.) हे औषध जिवाणूच्या रायबोसोमला, म्हणजे प्रथिने बनवणाऱ्या यंत्रणेला, चिकटते. मग जिवाणू स्वतःच्याच जनुकांचा निरोप चुकीचा वाचतो आणि सदोष प्रथिने बनवू लागतो.

या औषधाला दाद न देणाऱ्या अनेक जिवाणूंकडे याच कुळातल्या एएनटी गटाचे एन्झाइम असते. ते एटीपीमधला एएमपी हा न्यूक्लिओटाइडचा भाग उचलून स्ट्रेप्टोमायसिनच्या एका ठरावीक हायड्रॉक्सिल गटावर बसवते. पेनिसिलिनचे कडे बीटा-लॅक्टमेज हे एन्झाइम फोडून टाकते, तशी मोडतोड इथे होत नाही. औषध शाबूत राहते. पण किल्लीच्या दातावर लाखेचा थेंब पडावा तसे ते रायबोसोममधल्या आपल्या जागी बसेनासे होते. जेंटामायसिन, टोब्रामायसिन आणि कानामायसिन यांची हीच गत या गटातले दुसरे एन्झाइम करते. 1970च्या दशकात जपानी संशोधकांनी कानामायसिनला बाजूने एक जादा साखळी जोडून अमिकासिन तयार केले. त्या साखळीमुळे यातल्या बऱ्याच एन्झाइमांना औषध पकडता येत नाही, म्हणून जेंटामायसिन निकामी ठरले तरी अमिकासिन अनेकदा चालते. अर्थात जिवाणूंनी त्यावरही तोड काढली आहे. अमिकासिनवर अ‍ॅसिटिल गट चढवणारी निराळी एन्झाइमे त्यांच्याकडे आहेत.

खरी डोकेदुखी या एन्झाइमांच्या जनुकांच्या भटकेपणाची आहे. ती बहुधा इंटिग्रॉन नावाच्या जनुकपट्ट्यांत, इतर औषधांविरुद्धच्या जनुकांच्या शेजारी बसलेली असतात आणि प्लाझ्मिड नावाच्या सुट्या डीएनएवर स्वार होऊन एका जिवाणूतून दुसऱ्यात जातात. त्यामुळे एका औषधाचा अतिवापर झाला की शेजारच्या जनुकांचेही आपोआप फावते. गंमत अशी की, ज्या रोगाने स्ट्रेप्टोमायसिनला नाव मिळवून दिले त्याचा जंतू या वाटेने जातच नाही. क्षयाच्या जंतूतला प्रतिकार बहुतेक वेळा रायबोसोमच्याच जनुकांत बदल होऊन येतो. भारतात क्षयाच्या फेरउपचारांत या औषधाची इंजेक्शने अनेक वर्षे दिली गेली, तेव्हाही अडचण होती ती याच बदलांची.

काही जंतू हीच युक्ती थेट माणसाच्या पेशीवर चालवतात. कच्च्या किंवा अर्धवट शिजलेल्या मासळीतून, शिंपल्यांतून पोटात जाणारा व्हिब्रिओ पॅराहीमोलिटिकस आपले एक प्रथिन पेशीत टोचतो. हे प्रथिन पेशीचा सांगाडा सांभाळणाऱ्या प्रथिनांवर एएमपी चढवते, सांगाडा ढासळतो आणि पेशी गोळा होऊन बसते. हा प्रकार 2009 मध्ये उघड झाला.

या व्हिब्रिओचाच भाऊबंद असलेल्या पटकीच्या जंतूने संशोधकांना वेगळ्याच ठिकाणी नेले. 1961 पासूनच्या सातव्या जागतिक साथीतल्या एल टोर प्रकारात, दोन न्यूक्लिओटाइडांची गोल कडी बनवणारे एन्झाइम 2012 मध्ये सापडले. लगेच पुढच्या वर्षी अमेरिकेत डॅलस येथे झिजियान चेन यांच्या गटाने माणसाच्या पेशीत त्याचे नातेवाईक एन्झाइम शोधून काढले: सीगॅस. डीएनएची जागा केंद्रकात आणि मायटोकाँड्रियात. तो पेशीद्रवात आढळला, तर विषाणू घुसल्याची शंका येते. सीगॅस अशा डीएनएला बिलगते, एटीपी आणि जीटीपी जोडून कडी तयार करते. ती कडी स्टिंग या प्रथिनाला जागे करते आणि इंटरफेरॉन हे विषाणूंविरुद्धचे प्रथिन तयार होऊ लागते. जिवाणूंतली कडी बनवणारी एन्झाइमे मुळात जिवाणूंना ग्रासणाऱ्या फाज विषाणूंविरुद्धचे शस्त्र आहेत, हे 2019 मध्ये स्पष्ट झाले. फाज घुसताच ग्रस्त जिवाणू कडीचा इशारा मिळून स्वतःच मरतो आणि फाजची पुढची पिढी तिथेच खुंटते. म्हणजे माणसाच्या प्रतिकारशक्तीतला हा पहारा जिवाणूंच्या घरचा आहे.

हा पहारा चुकीच्या वेळी जागा झाला तर मात्र तोच रोग बनतो. पेशीद्रवातला टाकाऊ डीएनए साफ करणारे ट्रेक्स-1 हे एन्झाइम जन्मतः सदोष असेल, तर सीगॅस स्वतःच्याच डीएनएवर सतत बोंब मारत राहते. एकार्डी-गुतिएर सिंड्रोम या लहान मुलांच्या मेंदूच्या आजाराचे हे एक कारण आहे.

याच कुळातले टीडीटी हे एन्झाइम तर कुठल्याही नमुन्याशिवाय डीएनएच्या टोकाला मनाला येईल ती न्यूक्लिओटाइडे जोडते. अस्थिमज्जा आणि थायमसमधल्या कोवळ्या लिम्फोसाइट पेशींत ते चालू असते. प्रतिपिंडांचे अगणित नमुने तयार होण्यात त्याच्या या लहरीपणाचा मोठा वाटा असतो. पेशी पिकली की ते बंद पडते. तीव्र लिम्फोब्लास्टिक ल्युकेमियात पेशी कोवळ्याच राहून वाढत सुटतात, म्हणून अस्थिमज्जेच्या नमुन्यात टीडीटी आहे का, हे पॅथॉलॉजिस्ट निदानाच्या वेळी तपासून पाहतात.