केबिनमधील धुराचा वास हीच धोक्याची सूचना

धाराशिव जिल्ह्यातून नळदुर्ग, उमरगामार्गे हैदराबादला जाणाऱ्या महामार्गावर मालमोटारींची सतत वर्दळ असते. केबिनमध्ये धुराचा वास आला, की अनेक चालक खिडकी उघडून पुढे निघतात. तो उपाय नव्हे. धुरातील कार्बन मोनॉक्साईडला स्वतःचा वास नसतो. गुंगी आल्यावरच तो जाणवतो. डिझेलचा धूर कर्करोगकारक असल्याचे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१२ मध्ये जाहीर केले.

इंजिन थंड असताना मॅनिफोल्ड, पाइपचे सांधे व सायलेन्सर तपासावेत. काजळीचा काळा डाग दिसेल तेथे गळती समजावी. गॅस्केट किंवा गंजलेला पाइप बदलावा. त्यानंतर गिअर व क्लचभोवतीची फाटलेली रबरे बदलून फटी बुजवाव्यात. केवळ फटी बुजवल्याने गळती थांबत नाही.