आडनाव नसलेली मंडळी

दारू सोडू पाहणाऱ्या माणसाला संध्याकाळी सात ते नऊ ही वेळ सगळ्यात जड जाते. ऑफिस सुटलेलं, लोकलमध्ये उभं राहून अंग आंबलेलं, आणि ठाणे, डोंबिवली किंवा कल्याणला उतरून रिक्षाच्या रांगेपर्यंत पोचेतो बारच्या दोन-तीन पाट्या दिसून जातात. साधारण याच वेळेला एखाद्या शाळेच्या वर्गात, नाहीतर चर्चच्या आवारातल्या खोलीत ‘अल्कोहोलिक्स अनॉनिमस’ची मीटिंग भरते. मंडळी तिला नुसतं ‘एए’ म्हणतात.

या संस्थेला पाटी नाही, प्रवेश अर्ज नाही, फी नाही. दारू सोडायची इच्छा एवढी एकच अट. शेअर बाजारातला बिल विल्सन आणि सर्जन असलेले डॉ. बॉब स्मिथ हे दोन दारुडे १९३५ मध्ये अमेरिकेतल्या अ‍ॅक्रन गावी भेटले. एक पिणारा दुसऱ्या पिणाऱ्याशी खरं बोलला तर दोघांचीही त्या दिवसापुरती सुटते, हे त्यांना तिथे उमगलं. १० जून १९३५ हा डॉ. बॉबचा शेवटच्या घोटाचा दिवस मानतात आणि तोच एएचा वाढदिवस. मुंबईत हे काम १९५०च्या दशकाअखेर रुजलं आणि पुढे रेल्वेच्या रुळांबरोबर उपनगरांत पसरलं.

मराठी वाचकाला व्यसनमुक्ती म्हटलं की आधी ‘मुक्तांगण’ आठवतं. डॉ. अनिता आणि डॉ. अनिल अवचटांनी १९८६ मध्ये पुण्यात ते उभं केलं. ठाण्यात डॉ. आनंद नाडकर्णींनी १९९०ला ‘आयपीएच’ ही मानसिक आरोग्याची संस्था सुरू केली. ही मोलाची कामं आहेत. पण मुक्तांगणमधले उपचाराचे ३५ दिवस संपवून माणूस परत येतो तो त्याच स्टेशन रोडवर, त्याच मित्रांत. खरी परीक्षा तिथून पुढे सुरू होते, आणि तिथे रोज संध्याकाळी जाता येईल अशी एक जागा लागते.

एएची मीटिंग ही तशी जागा. ती साधारण दीड तासाची. सुरुवातीला एएच्या पुस्तकातला थोडा भाग वाचतात, मग एकेक जण बोलतो. आधी स्वतःचं पहिलं नाव, मग ‘मी अल्कोहोलिक आहे.’ सगळे त्याला नावाने नमस्कार करतात. याला ‘शेअरिंग’ म्हणतात. कुणी पगाराच्या दिवशी घरी न पोचल्याचं सांगतो, कुणी मुलीच्या शाळेत तोंड लपवल्याचं. मधे कुणी टोकत नाही, सल्ला देत नाही. नवा माणूस मागच्या बाकावर गप्प बसला तरी चालतं, त्या दिवशी पिऊन आला असेल तर फक्त ऐकायला सांगतात. शेवटी पिशवी फिरते. ज्याला जमेल तो दहा-वीस रुपये टाकतो, त्यातून चहा आणि जागेचं भाडं निघतं. बाहेरची देणगी घेत नाहीत, त्यामुळे कुणाचं मिंधेपणही नाही. वर्ष पूर्ण झालेल्याचा ‘बर्थडे’ होतो. तेव्हा बायको-मुलं येतात, आणि अनेकदा बायकोला चार वाक्यंही धड बोलता येत नाहीत.

मराठी माणसाला खरी भीती असते ती ओळखीचं कुणी भेटण्याची. डोंबिवलीत तर बिल्डिंगमधला जोशी कुठेही दिसू शकतो. त्यावर माझं सांगणं असं, की पहिल्यांदा दोन-चार स्टेशनं ओलांडून जावं. डोंबिवलीकराने ठाणं गाठावं, ठाणेकराने कल्याण. आणि तिथेही जोशी भेटलाच, तर तोही त्याच कामाला आलेला असतो. एएच्या हेल्पलाइनवर फोन केला की पलीकडे बहुधा स्वतः दारू सोडलेलाच माणूस असतो. त्याला तीन गोष्टी विचाराव्यात: वेळ, भाषा आणि मीटिंग ‘ओपन’ आहे की ‘क्लोज्ड’. ओपनला घरचे बरोबर चालतात, क्लोज्डला फक्त पिणारे किंवा सोडलेले. शाळेला सुट्टी लागली की जागा बदलते, म्हणून निघायच्या दिवशी पुन्हा खात्री करावी. एकट्याचं पाऊल उचलत नसेल तर तसं सांगावं. कुणीतरी स्टेशनवर घ्यायला येतं.

मीटिंगमध्ये देवाचा उल्लेख ऐकून काही जण पहिल्याच दिवशी उठून जातात. मला ती घाई वाटते. ज्याला जसा कळेल तसा देव, अशी तिथे मुभा आहे, आणि कित्येक नास्तिक त्या खोलीतल्या माणसांनाच आपल्याहून मोठी शक्ती मानून टिकले आहेत. आणि उपयोगाचं म्हणाल तर, २०२० मध्ये वैद्यकीय पुराव्यांचा आढावा घेणाऱ्या कॉक्रेन या संस्थेने २७ अभ्यास आणि १०,५६५ लोकांची माहिती एकत्र तपासली. सलग दारूपासून दूर राहण्याच्या बाबतीत एएशी जोडून देणारे उपचार इतर प्रस्थापित उपचारांहून सरस ठरले.

एक गोष्ट मात्र मीटिंगच्याही आधीची आहे. वर्षानुवर्षं रोज भरपूर पिणाऱ्याने एकदम बंद केली तर फिट येऊ शकते, दोन-तीन दिवसांत भ्रम होऊन जिवावर बेतू शकतं. हात थरथरत असतील, सकाळीच घ्यावी लागत असेल, तर आधी डॉक्टर. सरकारची १४४४६ ही व्यसनमुक्तीची मोफत हेल्पलाइन आहे.

बायकांच्या वाट्याला हे सगळं दुप्पट कठीण येतं. पिणारी बाई पुरुषांनी भरलेल्या खोलीत शिरताना दहादा विचार करते. तिने फोनवरच महिला सदस्याशी बोलायचं आहे असं सांगावं. आणि पिणाऱ्याची बायको, आई, बहीण यांच्यासाठी ‘अल-अ‍ॅनॉन’ आहे. बिल विल्सनची बायको लोइस हिने १९५१ मध्ये ते सुरू केलं. नवरा एएला जायला तयार नसला तरी बायकोने तिकडे जायला त्याच्या होकाराची गरज नाही.