अमेरिकेचा पत्ता : संगणक काय सुधारतो, काय नाही

अमेरिकेतील गिऱ्हाईकाला पार्सल पाठविणाऱ्या आमच्या व्यापारी व कारागीर बांधवांनी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. माल कितीही उत्तम असो, पत्ता अर्धवट असेल तर तो परत येऊ शकतो आणि खर्च अंगावर पडतो.

अमेरिकेत १९६३ पासून पाच आकडी झिप कोड आहे; १९८३ मध्ये त्याला आणखी चार आकडे जोडण्यात आले. पत्ता तपासणारे सॉफ्टवेअर लिहिलेला पत्ता तेथील टपाल खात्याच्या यादीशी ताडून पाहते. रस्त्याच्या नावात एखादे अक्षर चुकले, तर ते दुरुस्त करते. झिप चुकला, पण घर क्रमांक, रस्ता, शहर व राज्य बरोबर असेल, तर योग्य झिप भरते. मात्र एकाहून अधिक पत्ते जुळले, की ते अंदाज बांधत नाही; पत्ता अनिर्णित म्हणून बाजूला ठेवते.

न्यूयॉर्कमधील जॅक्सन हाइट्स घ्या. तेथे ३७ क्रमांकाचा अव्हेन्यू आहे आणि ३७ क्रमांकाचा रोडही. दोन्हींचा झिप ११३७२. नुसते '३७' लिहिले, तर संगणकाने कोणता धरावा?

दुसरी चूक आपल्याच टेबलावर होते. जर्सी सिटीचा ०७३०६ हा झिप एक्सेलमध्ये साधी संख्या म्हणून भरला, की पहिले शून्य उडते व ७३०६ उरते. म्हणून तो रकाना आधी 'टेक्स्ट' करून घ्यावा.

आमची सूचना एवढीच : अव्हेन्यू की रोड, हे गिऱ्हाईकाकडून लेखी घ्यावे आणि पार्सल देण्यापूर्वी झिपचे पाचही आकडे मोजावेत. चुकलेले अक्षर संगणक सुधारील. राहून गेलेला शब्द आपणच लिहायचा आहे.