वृद्धाश्रमात ठेवले, पुढे काय?

आई-वडिलांना वृद्धाश्रमात ठेवले म्हणजे आपण हात झटकले, असा समज आपल्याकडे खोलवर रुजलेला आहे. ठेवणाऱ्याला अपराधी वाटते, आणि त्या संकोचानेच त्याच्या फेऱ्या कमी होत जातात. वास्तविक तेथे कुटुंबाचे काम संपत नाही, ते बदलते. आंघोळ, औषधे, अंथरूण सेवक पाहतात. त्या माणसाची ओळख मात्र घरच्यांपाशीच असते.

बडोद्यात किंवा हैदराबादेत पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या मराठी घरांत या ओळखीत भाषाही येते. स्मृतिभ्रंशात पुष्कळदा मागाहून शिकलेली भाषा आधी निसटते आणि लहानपणची टिकून राहते. जन्मभर बाजारात सफाईने तेलुगू बोललेल्या आजी मराठीवरच येतात. ‘ठणकते’, ‘कळ येते’, ‘मुंग्या येतात’, ‘पोटात कालवते’ हे त्यांचे शब्द. प्रत्येकाचा रोख वेगळा, आणि डॉक्टरांना नेमका तोच फरक हवा असतो. सेविकेला शब्द कळला नाही, तर वेदनेने हात झिडकारणाऱ्या आजी ‘चिडखोर’ ठरतात आणि दुखणे तसेच राहते.

यावर साधा उपाय आहे. असे वीस-पंचवीस शब्द स्थानिक लिपीत, अर्थासह लिहून खाटेजवळ लावावेत. कोणत्या नावाने हाक मारलेली आवडते, चहा कसा लागतो, कशाची भीती वाटते, हेही लिहावे. भेटीला शक्यतो जेवणाच्या वेळी जावे. पानात काय उरते ते दिसते. टाचा आणि माकडहाड पाहावे, कारण अंथरुणावरच्या जखमा तेथे आधी होतात. एक-दोन दिवसांत अचानक गोंधळ वाढला, तर वयावर न ढकलता डॉक्टरांना कळवावे. जंतुसंसर्ग, शरीरातील पाणी कमी होणे किंवा नवे औषध हे कारण असू शकते.

आपला 2007 चा ज्येष्ठ नागरिक कायदा मुख्यतः निर्वाहखर्चाचा आहे. अमेरिकेत 1987 च्या कायद्याने रहिवाशाची देखभाल-योजना ठरवताना कुटुंबालाही सहभाग दिला, आणि कुटुंबियांना संस्थेत एकत्र जमण्याचा हक्क दिला. आपणही प्रवेश घेतानाच विचारावे: देखभालीचा आढावा कधी घेता, आणि त्या वेळी आम्हांला बोलवाल का?

ज्यांची मुले परदेशी आहेत, त्यांच्यापाशी आठवड्यातून तासभर मराठीत बोलायला आपल्या मंडळातील कोणी गेले, तर तेही याच कामाचा भाग होईल.