जुन्या सायकलीचा रंग खरवडू नका

पिंपळे सौदागरच्या एखाद्या सोसायटीत, जिन्याखाली काळी दांडीची सायकल अजून सापडते. चेनगार्डवर हर्क्युलिस किंवा बीएसए. नावं मूळची ब्रिटिश, पण १९४९ मध्ये सुरू झालेल्या मद्रासच्या टीआय सायकल्सने ती इथे घरोघरी नेली. गंज पाहून लोक ती भंगारात देतात, आणि ते फार चुकीचं आहे.

गंज बहुधा वरवरचा असतो. आधी फ्रेमचे सांधे आणि खालचा भाग तपासावा. तिथे भोक नसेल तर सायकल वाचते.

क्रोमच्या रिमवर पाणी शिंपडून अ‍ॅल्युमिनियम फॉइलच्या बोळ्याने घासलं की चकाकी परत येते. लहान भागांना ऑक्झॅलिक आम्लाचं पातळ द्रावण चालतं. ते विषारी असतं, म्हणून हातमोजे घालावेत आणि नंतर भाग भरपूर पाण्याने धुऊन, लगेच पुसून तेल लावावं. मूळ रंग आणि सोनेरी रेघा मात्र तशाच ठेवाव्यात. सायकलीचं वय त्यांतच दिसतं.

डावं पेडल उलट्या आट्यांचं असतं, काढताना जोर लावण्याआधी दिशा बघावी. बेअरिंगचे छर्रे स्वस्त मिळतात, ते नवेच टाकावेत. पैसे खर्चायचेच तर टायर, ट्यूब आणि ब्रेकच्या रबरांवर.

मूळ रूप कसं होतं, हे पाहायला पुण्यात कर्वेनगरला विक्रम पेंडसे यांचं सायकल संग्रहालय आहे.

कुणाची सीटची नळी किंवा कॉटर पिन अडकली असेल, तर फोटो टाकून जरूर विचारा.