किळस, कुतूहल आणि चार ओळी

पावसाळ्याचे दिवस. भोजने आटोपलेली असतात, दिवेलागण होते आणि दिव्याभोवती किडे जमू लागतात. त्यांच्या मागोमाग भिंतीवर पाल येते. तिला पाहताच घरातले सात-आठ वर्षांचे मूल ‘ई!’ म्हणून ओरडते आणि चप्पल उचलते. आजी म्हणते, “अरे, मारू नकोस, पाप लागेल!” हात थांबतो, पण मनातली किळस जिथल्या तिथे राहते. आजी गावाला गेली की तोच हात पुन्हा उठतो. धाकाने थांबलेला हात आणि मनाने थांबलेला हात यांत केवढे अंतर असते, हे प्रत्येक पालकाने कधी ना कधी अनुभवलेले आहे.

हे अंतर मिटवण्याचा एक साधा उपाय म्हणजे ज्या गोष्टीची मुलाला शिसारी येते, तीच त्याला नीट सांगणे आणि तीही गमतीच्या चार ओळींत. ओकणे, चाटणे, शेण असे विषय निघाले की मुलांचे कान टवकारतात. मोठी माणसे ‘छी, असले बोलू नये’ म्हणून ते विषय बंद करतात आणि शिकवण्याची एक उत्तम संधी हातची जाते. उदाहरणार्थ, त्या भिंतीवरच्या पालीविषयी असे म्हणता येईल :

पालीबाईला पापणी नाही,
धूळ डोळ्यांत साचत राही;
लांब जिभेने चाटून घेई,
रुमाल कुणाचा मागत नाही!

यातील एकही शब्द खोटा नाही. घरातल्या पालीला उघडझाप करणारी पापणी नसते. तिच्या डोळ्यावर एक पारदर्शक आवरण असते आणि ते ती जिभेने चाटून स्वच्छ करते. एवढे कळल्यावर मूल दुसऱ्या दिवशी चप्पल शोधत नाही. पाल डोळा कधी चाटते, हे पाहत बसते. चप्पल आपोआप खाली राहते.

किळस ही भावना मुळात वाईट नव्हे. सडक्या, दूषित वस्तूंपासून ती माणसाचे रक्षण करते. तेव्हा ती पुसून न टाकता तिला योग्य जागी बसवावी. माशीचे उदाहरण घ्यावे :

माशीला नाही दात नि दाढ,
पेढा बघून म्हणते, ‘वाढ!’
आधी त्यावर थोडे ओकते,
पातळ करून मग ती चोखते.

घरातल्या माशीला चावता येत नाही. घन पदार्थावर ती तोंडातून पाचक रस सोडते आणि विरघळलेला भाग शोषून घेते. शिवाय तिला चव पायांनीही कळते. म्हणून ती आधी पदार्थावर चालून पाहते. घाणीवर बसलेले तेच पाय पेढ्यावर येतात. हे ऐकलेले मूल ताटावर झाकण ठेवायला स्वतःहून धावते. किळस अन्नाच्या स्वच्छतेकडे वळली आणि माशीचा जीवही वाचला.

किळस बरीचशी आपल्या आवडीनिवडीवर ठरते, हेही मुलांना दाखवावे. गाय गिळलेला चारा पुन्हा तोंडात आणून तासन् तास चावते. आपण त्याला कौतुकाने ‘रवंथ’ म्हणतो. ससा आपल्याच मऊ लेंड्या खातो, कारण पहिल्या खेपेस न मिळालेली पोषकद्रव्ये त्याला त्यातून मिळतात. तरीही ससा गोंडसच ठरतो. मधमाशी फुलांतला रस पोटातल्या वेगळ्या पिशवीत साठवून पोळ्यात आणते आणि तोंडावाटे दुसरीच्या स्वाधीन करते. पुढे पंखांच्या वाऱ्याने त्यातले पाणी आटते आणि मध तयार होतो. आपल्या घरांत मध का वर्ज्य, असे मुलाने विचारले, तर ‘चालत नाही’ एवढ्यावर न थांबता हे सारे सांगावे. तो पोळ्याचा कष्टाने साठवलेला शिधा आहे, हे व्यापाऱ्याच्या मुलाला चटकन उमगते. त्याच मुलाला शेणकिडाही आपलासा वाटेल :

शेणकिड्याचा धंदा भारी,
शेणाची गोळी हीच तिजोरी;
मागले पाय वर, डोके खाली,
ढकलत ढकलत स्वारी निघाली!

हा धंदा क्षुल्लक नाही. ऑस्ट्रेलियात गाईगुरे बाहेरून नेली गेली. पण त्यांचे शेण जिरवणारे किडे तिथे पुरेसे नव्हते. कुरणांत शेण साचले, माश्या वाढल्या. अखेर 1960 च्या दशकापासून परदेशांतून शेणकिडे आणून तिथे सोडावे लागले. गांडुळाची थोरवीही अशीच. चार्ल्स डार्विनने आपले अखेरचे पुस्तक 1881 साली प्रसिद्ध केले, ते गांडुळांवर.

किळस आंधळी राहिली तर काय होते, याचा धडा भारताने गिधाडांच्या रूपाने घेतला आहे. गुरांना दिल्या जाणाऱ्या डायक्लोफेनॅक या वेदनाशामकाचा अंश मेलेल्या जनावरांत उरे आणि ते मांस खाणाऱ्या गिधाडांची मूत्रपिंडे निकामी होत. पांढऱ्या पाठीच्या गिधाडांची संख्या नव्वद टक्क्यांहून अधिक घटली. 2006 मध्ये जनावरांसाठी या औषधावर बंदी आली. तोवर आकाश रिकामे झाले होते. मोर असे नाहीसे होऊ लागले असते, तर देशभर हळहळ उठली असती. गिधाडांसाठी फार थोड्यांनी डोळे ओले केले.

बोडके डोके, वाकडी मान,
कुजके खाऊन राखतो रान;
रोगराई सारी पोटात जिरवी,
शिवीच मिळते, मिळेना मान!

सम्यग्दर्शनाच्या आठ अंगांतील तिसरे अंग ‘निर्विचिकित्सा’ आहे, म्हणजेच घृणेचा अभाव. रुग्ण मुनींनी अंगावर वमन केले असताही न विटता त्यांची सेवा करणाऱ्या उद्दायन राजाचे नाव आचार्य समंतभद्रांनी ‘रत्नकरंडक श्रावकाचारा’त या अंगासाठी घेतले आहे. मूळ संदर्भ मुनींच्या देहाचा आहे. तरी घृणा ओलांडण्याची ही पहिली पायरी लहान मुलाला भिंतीवरच्या पालीपाशी चढता येते.

अशा ओळी रचताना थोडे पथ्य पाळावे. एका कवितेत एकच गोष्ट सांगावी आणि ती आधी पडताळून घ्यावी. यमकासाठी असत्य नको. प्राण्याची टिंगल नको आणि त्याच्या नावाने कोणा मुलाला चिडवणे तर मुळीच नको. दोन ओळी मोठ्यांनी म्हणाव्यात, उरलेल्या दोन मुलाला जुळवू द्याव्यात. रविवारच्या पाठशाळेत द्वींद्रिय, त्रींद्रिय, चतुरिंद्रिय जीवांची नावे पाठ करून घेताना प्रत्येक नावामागे अशी एक चारोळी जोडली, तर त्या यादीतले कृमी, मुंगी आणि भुंगा मुलांच्या ओळखीचे होतील.

ओळखीच्यावर सहसा कोणी चप्पल उगारत नाही.