मिन्येचं विमान आणि दोन पंखांमधली फट

फ्रान्समधल्या आँरी मिन्येचं एचएम-१४ हे विमान १० सप्टेंबर १९३३ रोजी पहिल्यांदा उडालं. लाकूड, प्लायवूड, कापड आणि मोटारसायकलच्या तोडीचं इंजिन, एवढ्यावर ते उभं होतं. पुढचा पंख वर, मागचा त्याच्या जवळच पण खाली, आणि शेवटी मोठं सुकाणू. दांडा पुढेमागे केला की पुढचा पंखच कलायचा, बाजूला केला की सुकाणू वळायचं. पायांना काही कामच नव्हतं. हातापायांचा मेळ न जमल्याने नवशिके गिरक्या खात कोसळतात, म्हणून तो मेळच नको, हा मिन्येचा विचार मला आजही धाडसी आणि माणुसकीचा वाटतो. १९३४ साली त्याने आराखड्यांसह पुस्तक काढलं आणि फ्रान्स-इंग्लंडमधल्या कितीतरी घरांत करवती चालू लागल्या.

पुढच्या दोन वर्षांत अपघात होऊ लागले, आणि त्यांत एक साम्य दिसलं: नाक खाली गेलं की विमान वर येईना. इंग्लंडमध्ये फार्नबरोला आणि फ्रान्समध्येही ते विंड टनेलमध्ये तपासलं, तेव्हा कारण कळलं. दोन पंखांमधल्या अरुंद फटीतून जाणारी हवा मागच्या पंखाची उचल वाढवत होती. नाक ठराविक मर्यादेपलीकडे झुकलं, की दांडा पूर्ण मागे ओढूनही ते वर आणण्याइतका जोर मिळत नव्हता. या अपघातांवरून हौशी माणसाने विमान बांधूच नये, असं म्हणणारे तेव्हाही होते. पण हा दोष सुताराच्या हातात नव्हता, आराखड्यात होता. ज्याने तो जितका काटेकोर उतरवला, त्याच्या विमानात दोषही तितकाच काटेकोर उतरला. मिन्येने स्वतः १९३५ मध्ये त्याच विमानाने इंग्लिश खाडी ओलांडली होती, हेही खरं. मात्र एका सांभाळून उडवणाऱ्या माणसाची यशस्वी उड्डाणं ही चाचणी नव्हे. चाचणी मुद्दाम बिघडलेल्या स्थितीत करायची असते. पंखांची मांडणी सुधारल्यावर याच जातीची विमानं पुढे दशकानुदशकं उडत राहिली, म्हणजे मूळ कल्पना टाकाऊ नव्हती.

दुसरा आक्षेप उलट्या बाजूचा आणि अधिक वजनदार आहे: सज्ञान माणूस स्वतःचा जीव धोक्यात घालत असेल, तर इतरांनी का आडवं यावं? अमेरिकेने १९८२ साली अल्ट्रालाइटसाठी, म्हणजे अतिशय हलक्या विमानांसाठी, जवळजवळ हीच भूमिका घेतली. एकच आसन, इंजिन असलेल्या विमानाचं रिकामं वजन ११५ किलोच्या आसपास, इंधन ५ गॅलन, वेग ताशी साधारण १०० किलोमीटर आणि दाट वस्तीवरून उड्डाण नाही. एवढं पाळलं तर वैमानिकाचा परवाना लागत नाही आणि विमानाला प्रमाणपत्रही लागत नाही. ही सवलत मला रास्त वाटते, कारण ती शेजाऱ्याचा धोका कमी करते. पण धोका पत्करायचा तर तो आधी ठाऊक हवा, आणि १९३५ मध्ये घरात पंख चिकटवणाऱ्यांना तो ठाऊक नव्हता. म्हणून आराखडा विकणाऱ्याने लाकडाच्या मापांबरोबरच गुरुत्वमध्याच्या सीमा, वैमानिकाचं किमान-कमाल वजन आणि नाक किती खाली नेऊन तपासलं आहे, हेही छापलं पाहिजे. जे तपासलेलं नाही, तेही त्याच पानावर लिहिलेलं असावं.